सिंक हिरवं दिसतंय, पण पॅच आलाय का?

पॅच सर्व्हरवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या (पॅच) बाहेरच्या साठ्यातून आणून (सिंक करून) आतल्या मशीन्सना वाटणाऱ्या सर्व्हरवर, रोज सकाळी "सिंक सक्सेसफुल, नवीन पॅकेजेस शून्य" एवढंच दिसतंय आणि असं आठवडाभर चाललंय, तर निवांत बसू नका. एखाद्या दिवशी शून्य येणं नॉर्मल आहे, शनिवार-रविवारी तर येतंच, पण अल्मालिनक्स ९ सारख्या चालू डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या तयार संचाच्या) बेसओएस आणि ॲपस्ट्रीम या दोन साठ्यांत मिळून आठवडा-दोन आठवडे एकही नवीन सिक्युरिटी ॲडव्हायझरी (कुठल्या भोकासाठी कुठला पॅच आला याची सूचना) नाही असं सहसा होत नाही, कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) काहीतरी असतं, नाहीतर फायरफॉक्स, नाहीतर पायथन, काही ना काही येत राहतं. ते आपल्याकडे येत नसेल तर मधे कुठेतरी अडकलंय. मला सगळ्यात जास्त भीती याच प्रकाराची वाटते. एरर आला तर माणूस उठतो, लॉग उघडतो, कोणाला तरी फोन लावतो. हिरवी टिक बघून कोणी उठत नाही.

आमचं काम नाशिकमधल्या कंपन्यांचे लिनक्स सर्व्हर सांभाळायचं, जास्त करून अंबड, सातपूर आणि तिकडे सिन्नर. शॉपफ्लोअरच्या नेटवर्कला बहुतेक ठिकाणी इंटरनेट नाही, आणि माझ्या मते नसावंच. मग प्रत्येक साइटवर एकच मशीन बाहेरून अपडेट्स आणतं आणि आतल्या सगळ्या मशीन्सना वाटतं. आमच्याकडे त्यासाठी फोरमन आणि त्यावर कटेलो ही सॉफ्टवेअर आहेत. पूर्वी बऱ्याच ठिकाणी याच कामाचं स्पेसवॉक होतं, रेड हॅटने २००८ मध्ये ते ओपन सोर्स केलं होतं आणि २०२० च्या मे अखेरीस ते बंद झालं, त्याच्याच कोडवरून सुसेने युयुनी पुढे चालू ठेवलंय. तुमच्याकडे यातलं कुठलंही असो, अडकायच्या जागा जवळपास त्याच आहेत, म्हणून एका साइटवर काय झालं ते धरून सगळं सांगते.

मागच्या पावसाळ्यात आमच्या टीममधली नवीन मुलगी एका साइटचा रिपोर्ट बघत होती आणि ती म्हणाली, "ताई, सिंक तर रोज होतंय, पण सगळ्यात नवीन ॲडव्हायझरी मागच्या महिन्यातली आहे, असं कसं?" तिने टिक बघितली नाही, तारीख बघितली. हाच प्रश्न बरोबर आहे आणि मी आता सगळ्यांना हाच प्रश्न आधी विचारायला सांगते.

आता आधी हे सिंक म्हणजे नेमकं काय होतं ते थोडं सांगते कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आरपीएमवाल्या (रेड हॅटच्या घराण्यातल्या पॅकेजेसचा प्रकार) रिपॉझिटरीत, म्हणजे पॅकेजेसच्या साठ्यात, रेपोडेटा नावाचं एक फोल्डर असतं. त्यात रेपोएमडी डॉट एक्सएमएल नावाची एक छोटी फाईल, काही केबीची. तिच्यात बाकीच्या फायलींची नावं, चेकसम (फाईलच्या आतल्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) आणि वेळ लिहिलेली असते. प्रायमरी म्हणजे पॅकेजेसची यादी, फाईललिस्ट म्हणजे कुठल्या पॅकेजात कुठल्या फायली, आणि अपडेटइन्फो म्हणजे ॲडव्हायझरी, कुठल्या पॅकेजचं कुठलं व्हर्जन कुठल्या सीव्हीईसाठी (जाहीर झालेल्या, नंबर दिलेल्या भोकासाठी) आलंय, ते सिक्युरिटीचं आहे की साधं बगफिक्स आहे, किती गंभीर आहे, हे सगळं त्यात. रेड हॅटच्या ॲडव्हायझरीचं नाव आरएचएसएने सुरू होतं, अल्माच्या एएलएसएने, रॉकीच्या आरएलएसएने. तर सर्व्हर सगळ्यात आधी रेपोएमडी मागतो, आणि ती मागच्या वेळसारखीच निघाली तर पुढे काही आणायची गरज नाही असं समजून काम संपवतो. पल्प, म्हणजे कटेलोच्या पोटात जे सिंकचं काम करतं, ते ऑप्टिमाइज्ड सिंकमध्ये असंच वागतं आणि त्यात चूक काही नाही, रोज सगळं परत उतरवायला लागलं तर लाईनचं काय होईल. पण याचा अर्थ असा की रेपोएमडीची जुनी कॉपी हातात पडली की सर्व्हर शांतपणे "काही नवीन नाही" म्हणणार आणि हिरवी टिक देणार. पंचवटीच्या मार्केट यार्डात कालच्या भावाची पाटी तशीच लटकत राहिली तर लांबून बघणाऱ्याला आज भाव बदललाच नाही असं वाटेल, तसंच.

त्या साइटवर आम्ही टास्कच्या डिटेल्समध्ये गेलो तर प्रत्येक रिपॉझिटरीचं सिंक काही सेकंदांत संपत होतं. हा पहिला धागा. रोज काही सेकंदांत संपतंय म्हणजे ते रेपोएमडी बघूनच परत फिरतंय. डिस्कला जागा होती, आयनोड, म्हणजे प्रत्येक फाईलला लागणाऱ्या नोंदी, पण शिल्लक होते (हे वेगळं तपासावं लागतं, डीएफ कमांडला आय ऑप्शन देऊन, जागा दिसते पण आयनोड संपलेत अशीही केस होते), टास्क कुठे अडकलेली नव्हती.

मग ती फाईलच उघडली. रेपोएमडीत वरच रिव्हिजन म्हणून एक दहा आकडी संख्या असते, बहुतेक रिपॉझिटरीत ती युनिक्सची वेळ असते, १९७० पासूनचे सेकंद. डेट कमांडला ॲटचं चिन्ह लावून तो आकडा दिला की सरळ तारीख मिळते. पॅच सर्व्हरवरून कर्ल (यूआरएल उघडायची कमांड) मारून बघितली तर रिव्हिजन मागच्या महिन्यातली. तीच यूआरएल मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून लॅपटॉपवर उघडली तर रिव्हिजन आदल्या रात्रीची. एकच पत्ता, दोन वेगळी उत्तरं. आता अपस्ट्रीमला (जिथून पॅकेजेस मुळात येतात त्या सर्व्हरला) किंवा कटेलोला दोष द्यायचा प्रश्नच संपला, मधे कोणीतरी बसलेलं होतं.

कर्लला हेडर (उत्तरासोबत येणारी माहिती) दाखवायला सांगितले की अजून एक गोष्ट दिसते, एज नावाचा हेडर. उत्तर एखाद्या कॅशमधून (मधल्या साठ्यातून) आलेलं असेल तर ते किती सेकंदांपूर्वी साठवलंय ते त्यात असतं. आमच्याकडे तो आकडा एवढा मोठा होता की दिवसांत भागून बघावा लागला. साइटच्या गेटवेला कंपनीने बँडविड्थ वाचवायला कॅशिंग प्रॉक्सी, म्हणजे मधे बसून फायलींची कॉपी ठेवणारा सर्व्हर, लावलेली होती आणि त्यात एक्सएमएल, झिप, आरपीएम अशा सगळ्या प्रकारच्या फायली मूळ सर्व्हर काय म्हणतो ते न बघता महिनाभर ठेवा असा रूल होता. रिपॉझिटरीची यूआरएल फार जुन्या सेटअपपासून साधी एचटीटीपी चालत आलेली, एस नाही, त्यामुळे प्रॉक्सीला आतलं सगळं दिसत होतं आणि साठवता येत होतं.

इथे एक बारीक गोष्ट आहे. जुनी रेपोएमडी मिळाली तर एरर का नाही आला? कारण आजकाल बाकीच्या मेटाडेटा फायलींच्या नावात पुढे त्यांचा चेकसम असतो, लांबलचक हेक्साचा पट्टा आणि मग डॅश प्रायमरी. आत एक अक्षर बदललं की फाईलचं नावच बदलतं. फायदा असा की नवी रेपोएमडी आणि जुनी प्रायमरी अशी खिचडी होत नाही. पण जुनी रेपोएमडी आली तर ती जुन्या नावाच्या फायली मागते, आणि त्या आपल्याकडे आधीच आहेत, म्हणजे आतल्या आत सगळं जुळतं, फक्त सगळं जुनं असतं. ज्या प्रॉक्सीने फक्त रेपोएमडी धरून ठेवलीय आणि बाकी काही नाही, आणि सर्व्हर नवा बसवलेला असेल, तर मात्र जुन्या नावाच्या फायली अपस्ट्रीमवरून गेलेल्या असतात आणि ४०४ येतो. लोक म्हणतात ४०४ आला, वाट लागली. माझ्या दृष्टीने ती चांगली केस, कारण निदान कळतं तरी.

कंपनीच्या आयटीच्या साहेबांना फोन केला, म्हटलं, साहेब, ही एवढी एक फाईल कॅशमधून वगळा. ते म्हणाले, "मॅडम, एकाला वगळलं की सगळेच मागतात, मग लाईन भरेल ना." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, दिवसभर त्यांनाच ऐकून घ्यावं लागतं. मग त्यांना समजावलं की आरपीएमच्या फायली आणि चेकसम नावाच्या फायली वर्षभर ठेवल्यात तरी चालतील, त्या कधी बदलत नाहीत, नवीन आल्या तर नव्या नावाने येतात. फक्त रेपोएमडी कायम एकाच नावाने राहते आणि आतून बदलते, म्हणून तेवढीच ताजी हवी, आणि ती काही केबीची आहे. आणि दुसरं म्हणजे पॅच सर्व्हर हाच मुळात एक साठा आहे, एकदा आणतो आणि आत सगळ्यांना वाटतो, त्याच्या पुढे अजून एक साठा ठेवून लाईन वाचत नाही. शेवटी त्यांनी पॅच सर्व्हरला कॅशमधून पूर्ण सोडलं, आम्ही सगळ्या यूआरएल एचटीटीपीएस केल्या, आणि त्या रात्रीचं सिंक बराच वेळ चाललं. ते चालताना बघून बरं वाटलं.

एचटीटीपीएसचा मुद्दा नुसता कॅशपुरता नाही. आरपीएम पॅकेजवर सही असते त्यामुळे कोणी मधे बसून खोटं पॅकेज देऊ शकत नाही, हे बरोबर. पण जुनं, खरं, सही असलेलं पॅकेज देत राहू शकतो. याला फ्रीझ ॲटॅक म्हणतात, नवं काही कळूच द्यायचं नाही. त्या प्रॉक्सीने कोणाचा हेतू नसताना तेच केलं. डेबियनवाल्यांनी यावर फार छान उपाय ठेवलाय, त्यांच्या सिक्युरिटी रिपॉझिटरीच्या रिलीज फाईलवर सही असते आणि आत व्हॅलिड अनटिल अशी तारीख असते, ती उलटली की एपीटी (डेबियनचा पॅकेज बसवणारा प्रोग्राम) सरळ एरर देऊन थांबतं. लोक वैतागतात आणि तो चेक बंद करायचा ऑप्शन शोधतात. कृपया करू नका, तो ओरडतोय म्हणजे आपला मिरर (साठ्याची कॉपी) शिळा आहे. आरपीएमच्या रेपोएमडीला अशी शेवटची तारीख नसते, म्हणून तिथे ते काम आपल्यालाच करावं लागतं.

बरं, एवढं झाल्यावर पॅच सर्व्हरवर नवीन ॲडव्हायझरी आल्या, आणि मशीन्सवर? काहीच नाही. फोन यायला लागले की तुम्ही तर म्हणालात झालं. हे कटेलोचं नेहमीचं आहे. सिंक झालेलं सगळं लायब्ररीत, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य साठ्यात, येतं, पण मशीन लायब्ररीतून घेत नाही, ते कंटेंट व्ह्यूच्या (लायब्ररीतून निवडलेल्या पॅकेजेसच्या संचाच्या) पब्लिश केलेल्या व्हर्जनमधून घेतं, आणि ते व्हर्जन डेव्ह (प्रयोगाची), क्यूए (चाचणीची), प्रॉड (प्रत्यक्ष कामाची) अशा ज्या एन्व्हायरन्मेंटमध्ये प्रमोट केलंय तिथल्याच मशीनला दिसतं. सिंक आज झालं आणि शेवटचं पब्लिश दोन महिन्यांपूर्वीचं, तर मशीन दोन महिने मागेच राहणार. डिझाइनच तसं आहे आणि चांगलं आहे, कारखान्यात सकाळी अचानक डेटाबेसचं व्हर्जन बदललेलं कोणाला नको असतं. फक्त कोणीतरी पब्लिश करायची आठवण ठेवली पाहिजे, किंवा सिंकनंतर आपोआप पब्लिश होईल असं हॅमरने (कटेलोच्या कमांड लाईनने) लावून द्यायचं आणि प्रमोट तेवढं माणसाने करायचं, आम्ही असं ठेवलंय.

होस्टच्या पानावर दोन आकडे असतात, ॲप्लिकेबल आणि इन्स्टॉलेबल, ते बघायला शिका, अर्धं निदान तिथेच होतं. ॲप्लिकेबल म्हणजे या मशीनवरच्या पॅकेजेसना लागू पडणाऱ्या ज्या ॲडव्हायझरी लायब्ररीपर्यंत आल्यात त्या सगळ्या. इन्स्टॉलेबल म्हणजे त्यातल्या ज्या या मशीनच्या स्वतःच्या व्ह्यू आणि एन्व्हायरन्मेंटमध्ये पोचल्यात आणि आत्ता टाकता येतील त्या. ॲप्लिकेबल भरपूर आणि इन्स्टॉलेबल शून्य, तर पब्लिश किंवा प्रमोट राहिलंय, नाहीतर व्ह्यूवर कोणीतरी तारखेचा फिल्टर लावून ठेवलाय. दोन्ही शून्य आणि मशीन जुनं, तर सिंकच अडकलंय किंवा मशीनने आपली पॅकेजेसची यादी सर्व्हरला पाठवलेलीच नाही, तेव्हा मशीनवर डीएनएफची (आरपीएम पॅकेजेस बसवणारा प्रोग्राम) अपलोडप्रोफाइल कमांड मारून बघायचं. दोन्ही भरपूर आणि तरी मशीनवर काही चढत नाही, तर आता मशीनवर जाऊन बसायचं.

मशीनवर काय काय निघतं. जिथे रेपो फाईल हाताने लिहिलेली आहे तिथे डीएनएफ मेटाडेटा डिफॉल्टने ४८ तास जुनी चालवून घेतं, म्हणजे सर्व्हरवर आलं तरी दोन दिवस दिसणार नाही, डीएनएफ क्लीन मेटाडेटा करायचं. सातपूरच्या एका टेस्टिंग बेंचच्या मशीनवर डीएनएफच्या कॉन्फिगमध्ये एक्सक्लूड कर्नल स्टार (कर्नलची पॅकेजेस वगळा) अशी ओळ सापडली, कार्डच्या ड्रायव्हरसाठी कोणीतरी कधीतरी टाकलेली, ड्रायव्हर कधीच बदलला पण ओळ राहिली. अपडेट सिक्युरिटी मारलं की कर्नल गुपचूप सोडून बाकी सगळं व्हायचं आणि शेवटी कम्प्लीट यायचं. अशी ओळ ठेवायचीच असेल तर वर कॉमेंटमध्ये कोणी, का आणि कधीपर्यंत ते लिहा, एवढी विनंती.

सही हा अजून एक प्रकार. अल्मालिनक्स ८ ने जानेवारी २०२४ मध्ये पॅकेज साइन करायची 'की' (सहीची किल्ली) बदलली. सर्व्हरवर सिंक व्यवस्थित, पब्लिश व्यवस्थित, आणि मशीन म्हणतं की पॅकेजची सही मला ओळखीची नाही. ते योग्यच वागत होतं. नवीन की इम्पोर्ट केली, कटेलोच्या प्रॉडक्टला पण नवीन की लावली, झालं. जीपीजीचेक (सही तपासायची सेटिंग) शून्य करून पुढे जाणारे लोक मी बघितलेत आणि त्यांना मी दरवेळी थांबवते, कारण ते शून्य नंतर कोणी परत एक करत नाही.

सेंटओएस ७ चं वेगळंच दुखणं. त्याच्या रिपॉझिटरीत अपडेटइन्फो कधी नव्हतंच, त्यामुळे फक्त सिक्युरिटीचे अपडेट दाखव म्हटलं की यादी रिकामी. रिकामी यादी बघून सुरक्षित आहे असं समजणारे कितीतरी होते, पॅकेजेस येत होती पण ती सिक्युरिटीची आहेत हे सांगणारं काही सोबत येत नव्हतं, म्हणून स्पेसवॉकच्या काळात लोक बाहेरून एराटा (ॲडव्हायझरीची माहिती) आणून टाकायच्या स्क्रिप्ट चालवायचे. ३० जून २०२४ ला ते संपलंच, मिररलिस्टचा पत्ता पण बंद झाला, जुनी पॅकेजेस फक्त व्हॉल्टमध्ये (जुन्या साठ्याच्या अर्काइव्हमध्ये) आहेत, आणि व्हॉल्टकडे वळवून सिंक परत हिरवं केलं तरी नवीन पॅच तिथे येणार नाहीये. एलिव्हेटने (डिस्ट्रो बदलायच्या टूलने) अल्मावर न्या, नाहीतर ते मशीन नेटवर्कवर वेगळं काढा. तिसरा रस्ता मला तरी माहीत नाही.

उबंटूला एवढंच बघा की सिक्युरिटीचा पॉकेट (साठ्याचा भाग) वेगळा असतो, जॅमी (उबंटूचं एक रिलीज) असेल तर जॅमी डॅश सिक्युरिटी. नुसतं जॅमी सिंक केलं तर रिलीजच्या दिवशीचं गोठलेलं उबंटू मिळतं, ते कधी बदलत नाही, आणि सिंक कायम हिरवं.

लाईट आणि लाईन हे आपल्याकडचे दोन जुने पाहुणे. पाऊस जोराचा झाला, लाईट गेली, यूपीएस संपला आणि सिंक अर्ध्यात मेलं, की कटेलोत टास्क पॉज्ड अवस्थेत पडून राहते आणि त्या रिपॉझिटरीवर लॉक धरून बसते, मग पुढची सगळी सिंक लॉक आहे म्हणून फेल. टास्कच्या पानावर जाऊन आधी रिझ्यूम करायचा प्रयत्न करायचा, ते नाहीच झालं तर कॅन्सल, आणि लॉक जबरदस्तीने तोडायचं बटण अगदी शेवटी. सिंहस्थ २०२७ मध्ये आहे, त्यासाठी जिकडे तिकडे खोदकाम, फायबर तुटलं की मोठी पॅकेजेस अर्धी येतात. एकदा व्हॅलिडेट कंटेंट सिंक चालवून घेतलं की चेकसम न जुळणारी पॅकेजेस परत आणली जातात. वेळ लागतो, रात्री लावा.

आणि घड्याळ. बराच वेळ बंद राहिलेल्या जुन्या सर्व्हरची सीमॉसची बॅटरी गेलेली असते, चालू केला की तो मागच्या कुठल्यातरी वर्षात उठतो, मग प्रत्येक एचटीटीपीएस सर्टिफिकेट त्याला अजून लागू न झालेलं वाटतं आणि सिंक एसएसएल एररने पडतं. लोक सर्टिफिकेट तपासत बसतात. आधी डेट टाईप करा. तसंही सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, सिंक ठेवायचीच आहेत, लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत आणि घटना घडली तर सहा तासांत कळवायचंय. घड्याळच चुकीचं असेल तर ते सहा तास मोजणार कुठून.

आता सर्व्हरमधली भोकं शोधणाऱ्या स्कॅनरबद्दल, कारण भांडणं इथेच जास्त होतात. १ जुलै २०२४ ला क्वालिस या सिक्युरिटी कंपनीने ओपनएसएसएचमधली (सर्व्हरवर रिमोटने लॉगिन करायचं सॉफ्टवेअर) सीव्हीई-२०२४-६३८७ जाहीर केली, २००६ मध्ये बुजवलेलं भोक ८.५ व्हर्जनपासून परत उघडलं होतं, आणि ९.८ मध्ये ते बंद झालं. मग ऑडिटच्या रिपोर्टमध्ये यायला लागलं की तुमच्या सर्व्हरवर ८.७ आहे, ९.८ करा. अल्मा ९ वर तेव्हा ८.७ च राहिलं, रेड हॅटच्या घराण्यात सहसा व्हर्जन तेच ठेवून फक्त पॅच मागे आणून लावतात, बदलतो तो डॅशनंतरचा रिलीजचा आकडा. स्कॅनर फक्त बॅनर (सर्व्हर स्वतःहून सांगतो ते व्हर्जन) वाचत असेल तर त्याला ते दिसत नाही. आरपीएमला त्या पॅकेजचा चेंजलॉग विचारायचा आणि त्यात सीव्हीईचा नंबर शोधायचा, ती ओळ आणि ॲडव्हायझरीचा नंबर दोन्ही रिपोर्टला जोडायचे, ऑडिटर ऐकतात. आणि गंमत म्हणजे अल्मा ८ वर ओपनएसएसएच ८.० आहे, त्याला ही सीव्हीई लागूच नव्हती, जुनं म्हणून ज्याला लोक आधी पळवत होते ते यातून सुटलेलं होतं. म्हणून मी म्हणते की नुसत्या व्हर्जनच्या आकड्यावरून घाबरू नका आणि निवांतही होऊ नका, ॲडव्हायझरी बघा.

पॅकेज चढलं तरी काम संपत नाही. ओपनएसएसएल किंवा जीलिबसी (बरेच प्रोग्राम वापरतात अशा कोडच्या लायब्ररी) अपडेट झालं तरी आधीपासून चालू असलेले प्रोसेस मेमरीतली जुनीच लायब्ररी वापरत राहतात, आणि कर्नल तर रीबूट केल्याशिवाय बदलतच नाही. नीड्स-रिस्टार्टिंग नावाची कमांड आहे, एस दिलं की कुठल्या सर्व्हिस रिस्टार्ट करायच्या ते सांगते आणि आर दिलं की रीबूट लागेल का ते. पॅच सर्व्हरवर मशीन हिरवं आणि यूनेम (चालू कर्नल दाखवणारी कमांड) मारलं तर चार महिन्यांपूर्वीचा कर्नल, हे नेहमी दिसतं. दिंडोरीकडे द्राक्षाच्या पॅकहाऊसचे सर्व्हर आहेत, सीझनमध्ये तिथे कोणी रीबूट करू देत नाही आणि कंटेनर दारात उभा असताना मी पण मागत नाही. पण सीझन सुरू व्हायच्या आधी एक आणि संपल्यावर लगेच एक अशी वेळ आधीच लिहून घेते, आणि मधे एखादी रिमोटवरून आत येता येईल अशी सीव्हीई आली तर रात्रीची वेळ मागायची असं मालकांशी आधीच बोलून ठेवलंय. आधी बोललेलं असलं की त्या रात्री वाद होत नाही.

आता आम्ही प्रत्येक साइटवर एक छोटी स्क्रिप्ट लावलीय. ती सिंक सक्सेस झालं का हे विचारतच नाही. एका बाजूला आमच्या ऑफिसच्या लाईनवरून अपस्ट्रीमच्या रेपोएमडीची रिव्हिजन घेते, दुसऱ्या बाजूला साइटच्या पॅच सर्व्हरवरून त्याच यूआरएलची, म्हणजे मधे कोणी बसलं असेल तर फरक लगेच दिसतो. मग लायब्ररीतल्या सगळ्यात नवीन सिक्युरिटी ॲडव्हायझरीची तारीख, मग प्रॉडमधल्या व्ह्यूतली, मग दोन-तीन नमुन्याच्या मशीनवर डीएनएफला जे दिसतं त्यातली, आणि शेवटी चालू कर्नल आणि बसवलेला कर्नल एक आहे का. उबंटूसाठी रिव्हिजनच्या जागी रिलीज फाईलमधली डेटची ओळ. सगळं एका ओळीत शेजारी शेजारी येतं, आणि ज्या दोन तारखांमधे अंतर पडलंय तिथेच अडकलंय, बाकी कुठे शोधायची गरज राहत नाही. पहिल्या दोन तारखांमधे दोन दिवसांच्या वर फरक पडला की मेल येतो, आम्हाला पण आणि साइटच्या आयटीला पण. प्रॉडला जास्त मोकळीक दिलीय, कारण तिथे टेस्टिंगला वेळ लागतो.

परवा सिन्नरहून असा मेल आला. अपस्ट्रीम आणि साइटच्या तारखेत फरक, आणि एज हेडर काहीच नाही, म्हणजे यावेळी कॅश नव्हती. सिंक प्लॅनच कोणीतरी डिसेबल करून ठेवला होता, सर्व्हर हलवताना. परत चालू केला, रात्री सिंक झालं, सकाळी तारखा जुळल्या, आणि पब्लिश करून ते क्यूएला टाकलंय.